गुप्त पोलिसाची लेक : मेंफिस १९६८ आणि आपण

मार्टिन ल्युथर किंग यांच्या खुनाचा तो फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. ४ एप्रिल १९६८, अमेरिकेतील टेनेसी राज्यातले मेंफिस शहर, लोरेन मोटेल. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत किंग कोसळलेले आहेत. त्यांचे सहकारी हात लांब करून गोळी आली त्या दिशेला दाखवत आहेत. लांब केलेल्या त्या हातांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. पण फोटोत आणखी एक माणूस आहे. तो कुठेही बोट दाखवत नाही, किंग यांच्या शेजारी गुडघे टेकून बसला आहे. गोळीचा आवाज ऐकून तो जिना चढून धावत वर गेला होता आणि टॉवेलने रक्त थांबवायचा प्रयत्न करत होता. तो काळा तरुण होता मॅरेल मॅककोलो. 'इन्व्हेडर्स' नावाच्या मेंफिसमधल्या लढाऊ काळ्या तरुणांच्या संघटनेचा तो कार्यकर्ता आहे, असे तिथले सगळे समजत होते.

प्रत्यक्षात तो मेंफिस पोलीस खात्याचा नोकर होता. इन्व्हेडर्समध्ये घुसून आतली बातमी वर पोचवायची, हे त्याचे काम. पुढे १९७४ साली तो सीआयएमध्ये गेला. त्याची मुलगी लेटा मॅककोलो सेलेट्झ्की वकील झाली, मग लेखिका झाली आणि २०२३ साली तिने बापावर पुस्तक लिहिले. पुस्तकाचे नावच 'द नीलिंग मॅन', म्हणजे गुडघे टेकलेला माणूस.

या बापलेकीचा इतिहास आंबेडकरी कार्यकर्त्यांनी का वाचायचा, असा प्रश्न कोणी विचारेल. आमचे म्हणणे आहे की आपल्याइतका तो दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही. कसा, ते सांगतो.

पहिली गोष्ट, किंग मेंफिसला गेलेच कशासाठी? आपल्याकडे किंग म्हटले की १९६३ चे वॉशिंग्टनचे भाषण तेवढे सांगतात. ते मेले कोणाच्या लढ्यात, हे सांगत नाहीत. ते मेले सफाई कामगारांच्या लढ्यात. १ फेब्रुवारी १९६८ ला मेंफिसमध्ये पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार पावसापासून वाचायला कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र बिघाडाने सुरू झाले आणि दोघे कचऱ्यासारखे चिरडले गेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर मोजके शब्द होते : 'आय अॅम अ मॅन', मी माणूस आहे. पगारवाढ आणि युनियनला मान्यता या मागण्या होत्याच, पण फलकावर लिहिले ते माणूसपण. महाडच्या तळ्यावर बाबासाहेब कशासाठी गेले होते ते ज्याला समजले आहे, त्याला हा फलक समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे गटारात उतरून मरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो, हेही सांगावे लागत नाही.

महापौर हेन्री लोब हटून बसला. २८ मार्चला किंग यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोर्चाला हिंसक वळण लागले. लॅरी पेन हा १६ वर्षांचा काळा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. शहरात नॅशनल गार्डचे सैनिक उतरले. दोष इन्व्हेडर्सवर ढकलण्यात आला. शांततेने मोर्चा काढता येतो हे दाखवायला किंग परत मेंफिसला आले आणि तिथेच त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला संप मिटला, युनियनला मान्यता मिळाली.

या सगळ्यात मॅककोलो कुठे होता? संपाच्या काळात पोलिसांनी त्याला इन्व्हेडर्समध्ये सोडले. त्याच्याकडे मोटार होती. गरीब पोरांच्या संघटनेत ज्याच्याकडे गाडी असते त्याची किंमत काय असते, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे! त्याला संघटनेत वाहतुकीचे पदच देण्यात आले. नेत्यांना इकडून तिकडे न्यायचे, सोबत जेवायचे, गप्पा ऐकायच्या. खून झाला त्या संध्याकाळी तो किंग यांच्या दोन सहकाऱ्यांना बाजारातून मोटेलवर परत घेऊन आला होता. म्हणून तो तिथे इतक्या जवळ होता.

किंग यांच्यावर नजर ठेवणारा तो एकटा नव्हता. समोरच्या अग्निशमन केंद्रातून मेंफिस पोलीस मोटेलवर दुर्बिणीने पाळत ठेवून होते, आणि त्या कामावर नेमलेले दोघेही काळेच होते. एफबीआय तर कित्येक वर्षे मागे लागली होती. १९६३ मध्ये रॉबर्ट केनेडी यांनी टेलिफोन ऐकायला परवानगी दिली. १९६४ मध्ये किंग यांना आत्महत्येकडे ढकलणारे निनावी पत्र पाठवण्यात आले. ते एफबीआयमधूनच गेले होते, हे पुढे सिनेटच्या चर्च समितीच्या चौकशीत उघड झाले. नजर ठेवायला इतके डोळे होते, आणि खून मात्र कोणाला थांबवता आला नाही. पाळत कोणाच्या रक्षणासाठी असते, याचे उत्तर यातच आहे. मॅककोलोचा खुनाशी संबंध असल्याचा आरोप बरीच वर्षे होत राहिला. १९७८ मध्ये अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे त्याची साक्ष झाली. त्या समितीला खुनात त्याचा हात असल्याचा पुरावा सापडला नाही. आम्हीही तसा आरोप करत नाही. त्याने जे केले म्हणून नक्की माहीत आहे, तेवढेच पुरेसे आहे.

आता त्याच्या घरचा इतिहास पाहा. मॅककोलो मिसिसिपीतला. घरचे लोक अर्धलीने शेती करणारे, म्हणजे जमीन गोऱ्याची, घाम काळ्याचा आणि हिशोबाची वही पुन्हा गोऱ्याची. त्यातून सुटायची एक वाट होती लष्कर. तो लष्करी पोलिसात गेला, तिथून मेंफिसच्या पोलिसात. गावकुसाबाहेरून निघून सरकारी नोकरीच्या दारातून माणूस म्हणून उभे राहण्याची ही वाट आपल्या बापजाद्यांचीच आहे. रामजी सुभेदार लष्करात नसते, लष्करी शाळेचे हेडमास्तर नसते, तर भिवाच्या हातात पाटी कधी आली असती? ब्रिटिशांनी महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा रामजीबाबांसारखी माणसे त्याविरुद्ध का उभी राहिली? कारण त्या पगारावर पुढची पिढी उभी राहणार होती. बाबासाहेब हे सरकारी नोकराचे पोर होते, हे आपण विसरता कामा नये.

पण इथे एक रेघ ओढली पाहिजे. सरकारची नोकरी करणे वेगळे आणि आपल्याच माणसांवर पाळत ठेवण्याची नोकरी करणे वेगळे. सुभेदाराच्या पगाराने घरात पुस्तक आले. गुप्त पोलिसाच्या पगारानेही घरात पुस्तक येते, लेटा त्यावरच शिकली, वकील झाली. फरक एवढाच की त्या पुस्तकाची किंमत शेजारच्या घरातल्या पोराने मोजलेली असू शकते. 'पोटासाठी केले' हे उत्तर खरे असते, पण ते उत्तर पुरे पडत नाही. आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या नोकरदारांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती नोकरी करण्याबद्दल नव्हती. नोकरीत गेल्यावर कोणाकडे पाठ फिरवली, याबद्दल होती.

इथेच कोणीतरी कांशीराम साहेबांचे १९८२ चे 'चमचा युग' आठवून म्हणेल की मॅककोलो हा चमचा. आमच्या मते हा शब्द इथे बसत नाही. चमचा उघड असतो. तो आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून मिरवतो आणि काम दुसऱ्याचे करतो. गुप्त पोलीस झाकलेला असतो. त्यांच्यातही पुन्हा प्रकार आहेत. शिकागोच्या ब्लॅक पँथर पक्षात विल्यम ओनील होता. तो पोलीस नव्हता, मोटारचोरीच्या भानगडीत सापडलेला पोरगा होता. केस सांभाळून घेतो म्हणून एफबीआयने त्याला खबऱ्या केले. फ्रेड हॅम्प्टनच्या घराचा नकाशा, पलंग कुठे आहे त्यासकट, त्याने पुरवला. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी छापा घालून २१ वर्षांच्या हॅम्प्टनला पलंगावरच मारले. तेव्हा त्याची जोडीदार त्याच्या शेजारी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. मुलगा जन्मला तो बाप गेल्यावर २५ दिवसांनी. ओनील १९९० मध्ये मेला, नोंद आत्महत्येची आहे.

तिसरा प्रकार मेंफिसचाच. अर्नेस्ट विदर्स. १९४८ मध्ये मेंफिस पोलिसात पहिल्यांदा जे काळे शिपाई घेतले त्यांच्यातला एक, नंतर छायाचित्रकार. सफाई कामगारांचा 'आय अॅम अ मॅन' फलक घेऊन उभ्या रांगेचा जगप्रसिद्ध फोटो याचाच. काळ्यांच्या चळवळीतला क्वचितच एखादा महत्त्वाचा प्रसंग त्याच्या कॅमेऱ्यातून सुटला असेल. २००७ मध्ये तो वारला. २०१० मध्ये मेंफिसच्या 'कमर्शियल अपील' या वर्तमानपत्राने उघड केले की विदर्स एफबीआयचा पगारी खबऱ्या होता. त्या वर्तमानपत्राला कागद मिळवायला कोर्टात जावे लागले. विदर्सला आठ मुले होती. त्याची मुलगी आज बापाच्या फोटोंचे संग्रहालय चालवते. फोटो खरे आहेत आणि खबरीही खऱ्या आहेत. कुठला बाप भिंतीवर लावायचा, हा तिचा प्रश्न.

हॅम्प्टनच्या पोराला आपला बाप कोण होता ते सगळे गाव सांगते. गुप्त पोलिसाच्या पोराला कोणीच सांगत नाही. शाळेच्या फॉर्मवर बापाचा धंदा 'सरकारी नोकरी'. कुठल्या खात्यात, हे विचारायचे नाही. बाप घरी नसतो तेव्हा कुठे असतो, हे विचारायचे नाही. पोर हळूहळू न विचारण्यातच तरबेज होते, आणि लोकांना वाटते की गुणी आहे. आपल्यातही पोलीस लाईनीत वाढलेली कितीतरी पोरे आहेत. त्यातल्या ज्यांचे वडील गोपनीय शाखेत होते, त्यांना हे नवीन नाही. बाप गणवेश घालत नाही, एवढेच त्यांना शेजारच्या हवालदाराच्या पोरापेक्षा वेगळे दिसलेले असते. चौदा एप्रिलला बाप सगळ्यांबरोबर निळा झेंडा घेतो की डायरी घेतो, हे मात्र नीट कळत नाही. बऱ्याचदा दोन्ही घेतो. आणि झेंडा खोटा असतो असे आम्ही म्हणणार नाही.

गोऱ्या घरातही हा प्रश्न येतो, पण वेगळा येतो. विल्यम कोल्बी हा १९७३ ते १९७६ सीआयएचा प्रमुख होता. त्याच्या मुलाने, कार्ल कोल्बीने, २०११ मध्ये बापावर माहितीपट काढला. त्याचा प्रश्न होता, माझा बाप खरा कोण होता? लेटाचा प्रश्न तिथे थांबू शकत नाही. तिला विचारावे लागते, माझा बाप कोणाच्या बाजूला होता? कोल्बीच्या पोराच्या बापाने व्हिएतनाममधल्या परक्यांविरुद्ध काम केले. लेटाच्या बापाने तिच्याच रंगाच्या, तिच्याच गावच्या माणसांविरुद्ध केले. ती मोठी झाली त्या शहरात लोरेन मोटेल आज नागरी हक्कांचे संग्रहालय आहे, आणि जगभर छापल्या गेलेल्या त्या फोटोत तिचा बाप आहे. तिने मोठेपणी बापाला समोर बसवून विचारले आणि बापाने सांगितले. या कामात तिने बापाला वाचवायचे वकीलपत्र घेतले नाही आणि त्याला फासावरही चढवले नाही. हे सोपे नाही. आपल्याकडची आत्मकथने आठवा. आपण बापाची गरिबी लिहिली, त्याचे दारू पिणे लिहिले, आईला मारणे लिहिले. बापाने कोणाची खबर दिली, हे लिहिलेले फारसे दिसत नाही.

ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. मग त्या चळवळीचे दुसरे पानही वाचले पाहिजे. खबरे पेरणे हा एफबीआयच्या 'कॉइंटेलप्रो' या गुप्त कार्यक्रमाचा (१९५६ ते १९७१) एक भाग होता. दुसरा भाग जास्त घातक होता : जो खबऱ्या नाही, त्याला खबऱ्या ठरवणे. स्टोकली कारमायकल हा सीआयएचा माणूस आहे अशी अफवा एफबीआयने ठरवून पेरली. १९६८ मध्ये त्याच्या आईला खोटा फोन केला की पँथरवाले तुझ्या मुलाला मारणार आहेत. मित्रांनो, आईला! १९६९ मध्ये न्यू हेवन शहरात अॅलेक्स रॅकली या कार्यकर्त्याला खबऱ्या असल्याच्या संशयावरून पँथरच्याच लोकांनी छळून ठार मारले. तो खबऱ्या असल्याचे सिद्ध झालेले नाही. गोळी झाडायला सरकारला यावेही लागले नाही.

आता आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या. 'तो आयबीचा आहे', 'ह्याला संघाने पाठवलाय', 'त्याचा बाप सी.आय.डी.त होता, त्याच्यापासून सांभाळून' ही वाक्ये किती सहज टाकली जातात! गट फुटला की पहिला आरोप हाच. पुरावा विचारला तर 'सगळ्यांना माहीत आहे'. ज्या पोराचा बाप गोपनीय शाखेत होता त्याला अभ्यासवर्गातून बाजूला सारले जाते. त्या पोराने काय केले, हे कोणी विचारत नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारी व्यवस्था मोडायला निघालेले आपण बापाच्या नोकरीवरून पोराची निष्ठा ठरवतो, आणि त्याला सावधगिरी म्हणतो. सावधगिरी जरूर हवी. ती आहे हिशोब उघडा ठेवण्यात, निर्णय सभेत घेण्यात, एकाच माणसाच्या गाडीवर आणि पैशावर संघटना न चालवण्यात. मॅककोलोला संघटनेच्या मध्यभागी नेऊन बसवले ते त्याच्या गाडीने. त्याच्या बापाच्या नोकरीची चौकशी करून काहीच हाती लागले नसते, तो शेतात राबणारा माणूस होता.

आणि कागद? १९७६ मध्ये मेंफिसच्या पोलिसांनी नागरिकांवर ठेवलेल्या पाळतीच्या फायली महापौराच्या हुकमाने जाळून टाकल्या. त्यावरून खटला झाला आणि १९७८ मध्ये न्यायालयाच्या हुकूमनाम्याने मेंफिस पोलिसांना राजकीय हेरगिरी करायला बंदी झाली. चाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच न्यायालयाने निकाल दिला की पोलिसांनी हा हुकूमनामा मोडला. 'बॉब स्मिथ' या खोट्या नावाने फेसबुक खाते उघडून ते काळ्या कार्यकर्त्यांवर नजर ठेवत होते. आता गाडीची गरज उरलेली नाही. पण तिथे निदान हुकूमनामा आहे, खटला आहे, निकाल आहे.

आपल्याकडे काय आहे? ब्रिटिश पोलीस बाबासाहेबांच्या सभांना माणसे पाठवत होते. मराठी भाषणाचा गोषवारा इंग्रजी अहवालात जात होता. गंमत अशी की त्यामुळे बाबासाहेबांच्या कितीतरी सभांचा तपशील टिकला. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये काढलेल्या बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीच्या साधनग्रंथात पोलिसांचे हे कागद आहेत. म्हणजे परक्या सरकारने ठेवलेली पाळत आपण वाचू शकतो. स्वतंत्र देशाच्या सरकारने ठेवलेली वाचू शकत नाही. वरळीची दंगल, १९७४ मध्ये भागवत जाधवांचा मृत्यू, नामांतराची सोळा वर्षे, या काळातल्या विशेष शाखेच्या फायली कुठे आहेत? माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, त्याच्या कलम २४ ने आयबी आणि रॉ यांना कायद्याबाहेर ठेवले. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप एवढाच अपवाद. आपापल्या गुप्तवार्ता खात्यांना तसेच बाहेर ठेवण्याची मुभा राज्य सरकारांनाही दिली. २०२१ मध्ये केंद्राने पेन्शनचे नियम बदलले. गुप्तचर संस्थेतून निवृत्त झालेल्याने तिच्या कामाशी संबंधित काही परवानगीशिवाय छापले तर त्याच्या पेन्शनवर टाच येऊ शकते. लेटाच्या बापाने बोलणे आणि लेकीने छापणे, हे आपल्याकडे घडायचे असेल तर म्हाताऱ्याच्या पेन्शनचा विचार आधी करावा लागेल.

राज्याच्या पोलिसांना हा केंद्राचा पेन्शन नियम लागू नाही, त्यांच्यावर १९२३ चा गोपनीयतेचा कायदा आहे. तरीही १९७२ ते १९७४ च्या काळात पंचविशीत असलेला गोपनीय शाखेचा शिपाई आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्यातले काही आपल्याच वस्त्यांत आहेत, विहारात येतात, वर्षावासात पुढे बसतात. त्यांच्या मुलांनी, नातवंडांनी त्यांच्याजवळ बसावे, वही घ्यावी. साहेबांनी कोणते शब्द वापरले ते विचारावे, कोणाचे नाव लिहायला सांगितले, कोणाचे नाव आजोबांनी स्वतःहून गाळले, तेही विचारावे. छापायचे की नाही ते नंतर ठरवता येईल. वही आधी भरली पाहिजे.